येल्लाप्रगडा सुब्बाराव

नागपूरच्या ईशान्येस, कन्हान नदीच्या काठी कामठी हे जुने गाव वसलेले आहे. इ. स. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्कराची छावणी वसविली आणि तेव्हापासून या गावाचे नाव दूरवर गेले. या भागाला नदी लाभली, काळी जमीन लाभली. परंतु त्याबरोबर एक जुनाट व्याधीही वाट्याला आली. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत हत्तीरोगाने अनेक पिढ्यांना छळले आहे. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारे डास या रोगाचे सूक्ष्म कृमी एका देहातून दुसऱ्या देहात नेतात. पुढे पाय सुजतो, कातडी जाड व खरखरीत होते, आणि धडधाकट माणूस शेताच्या बांधापर्यंत जाण्यासही असमर्थ होतो. या रोगाच्या निर्मूलनासाठी आरोग्यसेवक घरोघरी फिरून लोकांना वयाप्रमाणे गोळ्या देतात आणि त्या आपल्यासमोरच गिळावयास लावतात. त्या गोळ्यांतील एका औषधाचे नाव डीईसी असे आहे.

शाळेतही दर आठवड्याला मुलामुलींना एक निळी गोळी मिळते. तिच्यात लोह असते व त्याच्या जोडीला फॉलिक आम्ल असते. हत्तीरोगाची गोळी आणि रक्तवाढीची ही निळी गोळी या दोहोंच्या मुळाशी एकाच भारतीय संशोधकाचे परिश्रम आहेत. ज्या औषधांनी जंतुजन्य रोगांवरील उपचारांत क्रांती घडविली आणि ज्यांना आता जंतू जुमानीनासे झाले आहेत, त्या प्रतिजैविकांच्या इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे. गोळ्यांच्या पाकिटावर त्याचे नाव छापलेले नसते. त्याचे नाव डॉक्टर येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्र प्रदेशातील भीमवरम् या गावी झाला. त्या काळी हा मुलूख मद्रास इलाख्यात मोडत असे. वडील जगन्नाथम् हे महसूल खात्यात नोकरीस होते. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी, अशी स्थिती होती. मुलाचे मन अभ्यासात लागत नसे. तेरा वर्षांचा असताना तो एका नातलग मुलाला बरोबर घेऊन घरातून पळाला. काशीस जावे, यात्रेकरूंना केळी विकावी आणि श्रीमंत व्हावे, असा त्याचा बेत होता. बेत बालिश होता. परंतु घरच्या दारिद्र्याची जाणीव त्या बालवयातही त्याला किती तीव्र होती, हे त्यावरून दिसते. आई वेंकम्मा मोठ्या करारी स्वभावाच्या होत्या. त्यांनी मुलाला परत आणले आणि पुन्हा शाळेत बसविले. पुढे वडील निवर्तले, तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने विकून मुलाचे शिक्षण चालू ठेवले. एवढे होऊनही मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला दोनदा अपयश आले. तिसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. ज्याची पुढे जगातील अग्रगण्य जीवरसायनशास्त्रज्ञांत गणना व्हायची होती, तो विद्यार्थी मॅट्रिकला दोनदा नापास झालेला होता, ही गोष्ट कित्येक चरित्रांतून घाईने उरकली जाते. वास्तविक ती सावकाश सांगण्यासारखी आहे.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना सुब्बारावांच्या मनाने वेगळाच ओढा घेतला. रामकृष्ण मठाच्या सहवासात त्यांना वैराग्याची गोडी लागली व संन्यास घेण्याचे त्यांनी ठरविले. आईने अनुमती नाकारली. तेव्हा डॉक्टर होऊन मठाच्या रुग्णालयांतून सेवा करावी, असा मध्यम मार्ग निघाला आणि त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. फीचा भार मित्रांनी उचलला, तसाच कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनीही उचलला. त्यांच्याच शेषगिरी नावाच्या कन्येशी १९१९ साली सुब्बारावांचा विवाह झाला.

ते दिवस स्वदेशीच्या चळवळीचे होते. महात्मा गांधींच्या आवाहनास अनुसरून सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत सुब्बारावांनी चांगले यश मिळविले होते, तरीही एम. बी. बी. एस. या पूर्ण पदवीऐवजी एल. एम. एस. या दुय्यम पदवीवरच त्यांची बोळवण करण्यात आली. या पदवीमुळे सरकारी वैद्यकीय सेवेची दारे त्यांना बंद झाली. खादी मात्र त्यांनी सोडली नाही.

याच सुमारास घरावर आणखी मोठा घाला पडला. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीच्या विकाराने अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दगावले. या विकारात अन्न अंगी लागत नाही, पोट वारंवार बिघडते, रक्त आटत जाते आणि रोगी झिजून झिजून मरतो. पुढे स्वतः सुब्बारावांनाही त्याच रोगाने ग्रासले. पाश्चात्त्य वैद्यकाजवळ त्यावर उपाय नव्हता. डॉक्टर आचंट लक्ष्मीपती या नामांकित आयुर्वेदाचार्यांच्या उपचारांनी ते बरे झाले आणि कृतज्ञतेने त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवू लागले. परंतु ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्याचे मूळ शोधून काढल्यावाचून त्यांच्या मनाला स्वस्थता लाभेना. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात उष्ण कटिबंधातील रोगांचे शास्त्र शिकण्याचा त्यांनी निश्चय केला. काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीचे साहाय्य आणि सासऱ्यांनी दिलेली रक्कम एवढ्या बळावर, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी मायभूमीचा निरोप घेतला.

पत्नी मागेच राहिली. तीन वर्षांत परत येतो, असे सांगून ते गेले होते. त्यांच्या पश्चात मुलगा झाला आणि तो तान्हेपणीच वारला. पित्याने त्याचे मुखही पाहिले नाही. तीन वर्षांची पाच झाली, पाचाची पंचवीस झाली. सुब्बाराव भारतात परतलेच नाहीत. त्यांच्या कार्याचा गौरव करताना शेषगिरीअम्मांनी एकटीने काढलेल्या वर्षांचा विसर पडू देणे न्याय्य होणार नाही.

बोस्टन शहरी पोहोचले तेव्हा त्यांच्या खिशात फारसे पैसे उरले नव्हते. मद्रासच्या पदवीला तेथे रुग्णालयात डॉक्टर म्हणून मान्यता नव्हती. म्हणून दिवसा विद्यापीठात शिक्षण आणि रात्री एका रुग्णालयात हमाली, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलावी, ती रिकामी करून धुवावी, हे त्या कामाचे स्वरूप होते. ज्याने काही वर्षांपूर्वी संन्यासाची वस्त्रे धारण करण्याचे योजिले होते, त्याला या कामाची लाज वाटली नाही.

तेथील अभ्यासक्रम पुरा झाल्यावर हार्वर्डच्या जीवरसायन विभागात त्यांना सायरस फिस्के यांच्या हाताखाली संशोधन करण्याची संधी मिळाली. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे, हे अचूक मोजण्याची सोपी रीत त्या वेळी उपलब्ध नव्हती. फिस्के आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली अशी एक रीत शोधून काढली. द्रवात विशिष्ट रसायने मिसळली असता निळा रंग येतो आणि त्याच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण कळते. ही रीत इतकी सुटसुटीत ठरली, की जगभरच्या प्रयोगशाळांत ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली आणि जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना अद्यापही शिकविली जाते.

या मोजमापातूनच पुढचा मोठा शोध निघाला. स्नायूंना बळ कोठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सापडले आहे, असे तत्कालीन शास्त्रज्ञांना वाटत होते आणि त्यासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिकही देण्यात आले होते. परंतु १९२७ साली फिस्के व सुब्बाराव यांना स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ आढळला आणि जुन्या उपपत्तीला हादरा बसला. १९२९ साली त्यांनी एटीपी हा पदार्थ वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही तो स्वतंत्रपणे गवसला होता. प्रत्येक सजीवाच्या पेशीत शक्तीचा रोजचा व्यवहार ज्या चलनात चालतो, ते चलन म्हणजे एटीपी होय. १९३० साली सुब्बारावांना हार्वर्डची पीएच. डी. पदवी मिळाली. मात्र विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही. त्यांचे काही संशोधन तर प्रकाशातही आले नाही. हार्वर्डमध्ये त्यांच्याबरोबर काम करणारे जॉर्ज हिचिंग्ज, ज्यांना पुढे १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी ही उणीव उघडपणे बोलून दाखविली आहे. सुब्बारावांनी स्वतः श्रेयासाठी कधी वाद घातल्याचे ऐकिवात नाही.

१९४० साली ते लेडर्ले या औषधे तयार करणाऱ्या कंपनीत दाखल झाले आणि १९४२ मध्ये न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथील तिच्या संशोधन विभागाचे संचालक झाले. उण्यापुऱ्या आठ वर्षांत या विभागातून जी औषधे बाहेर पडली, त्यांची यादी पाहिली की मन थक्क होते.

त्यांपैकी पहिल्या औषधाचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या होत्या. गिरणी कामगारांच्या गरोदर बायकांना एक प्रकारचा भयंकर पांडुरोग होत असे. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, याचा शोध पुढे अनेक देशांत चालू राहिला. पालकाच्या पानांतूनही तेच द्रव्य मिळाले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. परंतु मणभर पानांतून चिमूटभर द्रव्य निघावे, अशी अवस्था होती. सुब्बारावांच्या हाताखालील रसायनतज्ज्ञांनी १९४५ साली हे आम्ल प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. ते औषध म्हणून हाती येताच संग्रहणीच्या रोग्यांना देऊन पाहण्यात आले आणि मरणोन्मुख माणसे उठून बसली. ज्या रोगाने राजमहेंद्रीच्या घरातील दोन भाऊ नेले, त्यावर तिसऱ्या भावाने उपाय काढला होता. मध्ये पंचवीसएक वर्षे लोटली होती.

फॉलिक आम्लाची रचना कळली, तसे त्याच्यासारखे दिसणारे परंतु उलट कार्य करणारे पदार्थही तयार करता आले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना त्यांतील ॲमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि १९४८ साली प्रथमच त्या रोगाला काही काळ तरी माघार घ्यावी लागली. हत्तीरोगावरील हेट्राझान, म्हणजेच डीईसी, हे औषध १९४७ साली याच विभागातून निघाले. महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर गेलेल्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या कृमींची बाधा झाली होती व त्यामुळे या शोधाला चालना मिळाली. औषध सैनिकांच्या निमित्ताने निघाले, आणि उपयोगी पडले ते कन्हानकाठच्या विणकरांना, बिडी कामगारांना व शेतमजुरांना.

आता त्या सोनेरी औषधाची कथा सांगितली पाहिजे. पेनिसिलिनने युद्धकाळात हजारो जखमींचे प्राण वाचविले होते. परंतु त्याच्या सामर्थ्याला मर्यादा होत्या. फार मोठ्या वर्गातील जंतू त्याला दाद देत नसत. मानवाच्या आतड्यात वस्ती करून राहणारा ई. कोलाय हा जंतू त्यांपैकीच एक. आतड्यात असेपर्यंत तो सहसा उपद्रव देत नाही. मात्र तो मूत्रमार्गात शिरला, की ताप, ओटीपोटात कळ आणि लघवीला जळजळ अशी लक्षणे सुरू होतात. लहान मुलांना, विशेषतः मुलींना, हा त्रास अधिक होतो. फार लहान मुलांत तर तापाखेरीज दुसरे लक्षणच नसते. मूल किरकिर करते, दूध पीत नाही, आणि दुखणे कोठे आहे हे कोणालाच उमगत नाही. उपचार लांबला तर जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात, तेथे कायमचे व्रण राहतात आणि मोठेपणी त्यापायी रक्तदाबाचा विकारही जडू शकतो.

अशा नाना जंतूंवर चालेल, सुई न टोचता पोटातून देता येईल, असे औषध हवे होते. सुब्बारावांनी या कामी बेंजामिन डगर या वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाची योजना केली. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा नव्या शोधाला जुंपणे, हे कोणाला धाडसाचे वाटले असेल. परंतु सुब्बारावांची माणसांची पारख अचूक होती. डगर यांनी ठिकठिकाणच्या मातीचे नमुने मागविले आणि त्यांतील सूक्ष्म जीव वाढवून त्यांची एकेक करून परीक्षा चालविली. मिसुरी विद्यापीठाच्या एका गवताळ शेतातून आलेल्या मातीत त्यांना सोनेरी छटेचा एक सूक्ष्म जीव सापडला. त्याच्यापासून काढलेले औषधही सोन्यासारखे पिवळे होते. सोन्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ऑरिओमायसिन हे नाव देण्यात आले. टेट्रासायक्लिन या औषधकुलातील हे पहिले अपत्य. १९४८ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांच्या सभेत त्याची घोषणा झाली. डगर तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. फुप्फुसदाह, प्रलापक सन्निपात आणि मूत्रमार्गाचे विकार अशा अनेक रोगांत या औषधाचा गुण दिसून आला.

ही घोषणा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच सुब्बारावांना झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन त्या वेळी एक वर्ष होत आले होते. अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याचा मार्ग मोकळा झाला होता, तरी त्यांनी ते घेतले नाही. मृत्युसमयी ते भारतीयच होते.

येथे त्यांचे चरित्र संपते. परंतु सोनेरी औषधाची कथा संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका उज्ज्वल नाही. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, तो कोंबडीच्या पिल्लांना घातला असता ती झपाट्याने वाढतात, असे लेडर्लेच्याच शास्त्रज्ञांना आढळून आले. ही गोष्ट सुब्बारावांच्या पश्चात, १९५० साली जाहीर झाली. मग काय विचारता! रोग नसताना, केवळ वजन वाढावे म्हणून, कोंबड्यांना, डुकरांना आणि वासरांना प्रतिजैविक चारण्याचा प्रघात पडला. ज्या द्रव्याचा थेंब थेंब मोलाचा मानावयाचा, ते पोत्यांनी खाद्यात मिसळले जाऊ लागले.

थोडे थोडे औषध नित्य पोटात जात राहिले, म्हणजे दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे उरतात. टेट्रासायक्लिनशी झुंजण्याची जंतूंची एक युक्ती तर विलक्षण आहे. बुडत्या नावेतील माणसे जसे पाणी उपसून बाहेर टाकतात, तसे हे जंतू आत शिरलेले औषध उपसून बाहेर फेकतात. ही विद्या ज्या जनुकांत असते, ती पुष्कळदा एका लहानशा कड्यावर ओवलेली असतात, आणि एक जंतू दुसऱ्याला त्या कड्याची प्रत देऊ शकतो. १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जंतू आढळले, की ज्यांच्यावर चार चार औषधांचा परिणाम होत नव्हता. हा गुण आतड्यातील ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूंकडे जाऊ शकतो, हे १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकन संशोधकाने कोंबड्यांना टेट्रासायक्लिनच्या जातीचे औषध खाद्यातून दिले. काही आठवड्यांतच कोंबड्यांच्या आतड्यांत निर्ढावलेले जंतू माजले, आणि काही महिन्यांनी ते त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही मिळाले. त्या माणसांनी औषधाची एकही गोळी घेतली नव्हती. ब्रिटनमधील एका समितीने १९६९ सालीच या प्रघाताविरुद्ध इशारा दिला होता. युरोपात तो पूर्णपणे बंद होण्यास २००६ साल उजाडावे लागले.

आपल्याकडेही हे औषध जपून वापरले गेले, असे म्हणता येत नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची आणि सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. प्लेगवर टेट्रासायक्लिन गुणकारी आहे आणि त्या संकटात त्याने उपयोगही दिला. पण भीतीने गांगरलेल्या लोकांनी, अंगात ताप नसतानाही, दुकानांतून गोळ्यांची पाकिटेच्या पाकिटे उचलली आणि कित्येक ठिकाणी दुकाने रिती झाली. साथीच्या भयाने माणसे असे करतात, ते एक वेळ समजू शकते. साध्या पडशाला शेजाऱ्याच्या घरातील उरलेल्या गोळ्या घेण्याला मात्र कोणते कारण सांगणार?

लहान मुलांच्या बाबतीत टेट्रासायक्लिनचा आणखी एक दोष उघडकीस आला. वाढत्या दातांत हे औषध साचते आणि दात कायमचे पिवळट-तपकिरी होतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. त्यांच्या मूत्रमार्गाच्या विकारांसाठी दुसरी औषधे पुढे आली. त्यांतील कोट्रायमोक्साझोल हे औषध फार वर्षे वापरात होते, आणि योगायोग असा, की त्याचाही संबंध सुब्बारावांच्या फॉलिक आम्लाशी पोहोचतो. मनुष्याला फॉलिक आम्ल अन्नातून मिळते. जंतूंना मात्र ते स्वतःच बनवावे लागते. कोट्रायमोक्साझोलमधील दोन द्रव्ये जंतूंचे हे काम दोन ठिकाणी अडवितात, म्हणून जंतूंची वाढ थांबते आणि रोग्याच्या पेशींना फारसा उपसर्ग पोहोचत नाही. त्या दोन द्रव्यांपैकी ट्रायमेथोप्रिम हे द्रव्य हार्वर्डमधील सुब्बारावांचे जुने सहकारी हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आले. परंतु त्यालाही ई. कोलायने तोंड दिले. ॲम्पिसिलिन निकामी होत गेले, पाठोपाठ कोट्रायमोक्साझोल गेले, आणि त्यानंतर आलेल्या अधिक बलवान औषधांनाही भारतातील ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर जुमानीत नाही, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून दिसून आले आहे. ज्या तापाला एके काळी चार दिवस गोळी पुरत असे, त्यासाठी मुलांना रुग्णालयात ठेवून शिरेतून औषध देण्याची पाळी येते.

सरकारने २०१३ साली नियम करून कित्येक प्रबळ प्रतिजैविके वेगळ्या यादीत घातली. ती विकताना डॉक्टरांची चिठ्ठी पाहून वहीत नोंद करणे दुकानदारास बंधनकारक झाले. औषधाच्या पाकिटावरील उभी लाल रेघ पुष्कळांनी पाहिली असेल. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. एप्रिल २०१७ मध्ये या प्रश्नासाठी राष्ट्रीय कृती-योजनाही जाहीर झाली.

सुब्बारावांच्या नावाने १९५३ साली बुरशीच्या एका नव्या प्रजातीला सुब्बारोमायसिस असे नाव देण्यात आले. १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पदवी देताना ज्यांची अवहेलना झाली, त्यांची देशाने अशा रीतीने उशिरा का होईना दखल घेतली.

एखाद्या मुलीला तापाबरोबर लघवीला जळजळ होऊ लागली, तर जाणता डॉक्टर औषध सुरू करण्यापूर्वीच तिच्या लघवीचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवितो. मुलीला ताप अधिक असेल तर अंदाजाने एक औषध लगोलग सुरू करतो. प्रयोगशाळेत त्या नमुन्यातील जंतू काचेच्या बशीत पोषक द्रव्यावर वाढविले जातात. एक-दोन दिवस जातात. मग जंतूंच्या थरावर कागदाच्या लहान लहान चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एकेक औषध भिनविलेले असते. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ ती बशी उजेडात धरून पाहतो. ॲम्पिसिलिनच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले असतात. कोट्रायमोक्साझोलच्या भोवतीही पुष्कळदा तसेच दिसते. एखाद्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ, मोकळे वर्तुळ पडलेले असते. तज्ज्ञ पट्टीने त्या वर्तुळाची रुंदी मोजतो, आकडा कागदावर लिहितो, आणि तो कागद डॉक्टरांकडे जातो.